वसई-विरारमधील कोविड-१९ रुग्णांवरील उपचार

पालघर जिल्ह्यातील वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या क्षेत्रात कोविड-१९ च्या साथीत रुग्णांवर महापालिकेच्या तसेच खासगी रुग्णालयांत उपचार करण्यात आले. एप्रिल २०२१ मधील दुसऱ्या लाटेत प्राणवायूची टंचाई आणि विरार येथील रुग्णालयाला लागलेली आग यांमुळे येथील रुग्णसेवेकडे देशाचे लक्ष वेधले गेले.

पार्श्वभूमी

वसई, नालासोपारा, नवघर-माणिकपूर व विरार या नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी ही महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे १२.२ लाख होती. येथील मोठा नोकरदार वर्ग पश्चिम रेल्वेने मुंबईला ये-जा करतो. मार्च २०२० मध्ये बंद झालेली उपनगरी रेल्वेसेवा १५ जून २०२० पासून केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी पुन्हा सुरू झाली.

उपचारव्यवस्था

केंद्र शासनाने एप्रिल २०२० मध्ये त्रिस्तरीय रचना सुचवली. त्यानुसार सौम्य लक्षणांच्या रुग्णांसाठी कोविड काळजी केंद्र, मध्यम आजारासाठी समर्पित कोविड आरोग्य केंद्र आणि गंभीर आजारासाठी समर्पित कोविड रुग्णालय अशी विभागणी झाली. वसई पूर्वेतील वरुण इंडस्ट्रीजच्या जागेत महापालिकेने कोविड केंद्र उभारले होते.

उपचारपद्धती

रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ९४ टक्क्यांहून कमी होणे ही धोक्याची खूण मानली जाई. अशा रुग्णास मुखवट्याद्वारे प्राणवायू देणे व पालथे झोपवणे हे प्राथमिक उपचार होते. प्रकृती अधिक ढासळल्यास उच्च प्रवाहाचा प्राणवायू किंवा कृत्रिम श्वसनयंत्र वापरले जाई.

ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत जून २०२० मध्ये डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टेरॉइड गुणकारी ठरले. श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू त्यामुळे सुमारे एकतृतीयांशाने, तर केवळ प्राणवायूवर असलेल्यांचे सुमारे एकपंचमांशाने घटले. प्राणवायूची गरज नसलेल्यांना मात्र त्याचा लाभ दिसला नाही. रेमडेसिव्हिरला दुसऱ्या लाटेत प्रचंड मागणी होती. वस्तुतः जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच रुग्णालयातील रुग्णांना ते न देण्याची सशर्त शिफारस केली होती.

प्राणवायूचा प्रश्न

सुमारे ७,००० लिटर वायू मावणारा मोठा सिलिंडर मिनिटाला १० लिटर प्राणवायू घेणाऱ्या रुग्णास साडेअकरा तासांहून थोडा अधिक काळ पुरतो. मिनिटाला ६० लिटरच्या उच्च प्रवाहावर तोच सिलिंडर दोन तासांच्या आत संपतो. त्यामुळे गंभीर रुग्ण वाढताच साठा झपाट्याने घटतो. एप्रिल २०२१ मध्ये नालासोपाऱ्यातील एका खासगी रुग्णालयात काही रुग्ण दगावले. ते प्राणवायूअभावी दगावल्याचा आरोप नातेवाइकांनी केला, तर रुग्णालयाने तो नाकारला.

विरार रुग्णालय आग

२३ एप्रिल २०२१ रोजी पहाटे तीनच्या सुमारास विरार पश्चिमेतील विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली. विभागात १७ रुग्ण होते. त्यांपैकी १३ जणांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. वातानुकूलन यंत्रातील बिघाडातून आग लागल्याचे प्राथमिक वृत्त होते. राज्य शासनाने मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी ५ लाख रुपयांची मदत जाहीर केली. तत्पूर्वी दोनच दिवस आधी, २१ एप्रिल रोजी, नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीतील गळतीमुळे पुरवठा खंडित होऊन २२ रुग्ण दगावले होते.

प्राणवायू स्वतः जळत नाही, परंतु ज्वलनास साहाय्य करतो. बंद, वातानुकूलित कक्षात अनेक रुग्णांना एकाच वेळी तो दिला जात असल्यास हवेतील त्याचे प्रमाण वाढू शकते. अशा स्थितीत लहानशी ठिणगीही वेगाने पसरते. शिवाय श्वसनयंत्रावरील रुग्ण स्वतः उठून बाहेर पडू शकत नाहीत. म्हणून अतिदक्षता विभागात वायुवीजन, विद्युत भाराची नियमित तपासणी, दुसरा निर्गमनमार्ग आणि रात्रपाळीतील पुरेसे प्रशिक्षित कर्मचारी हे औषधोपचाराइतकेच आवश्यक ठरतात.

हेही पाहा

महाराष्ट्रातील कोविड-१९ साथ
वसई-विरार शहर महानगरपालिका
पालघर जिल्हा