बडोद्याच्या काठ्या आणि अहमदाबादचे वसतिगृह

परदेशी विद्यार्थ्यांवर हल्ला झाला की आपले काही कार्यकर्ते म्हणतात, तो वंशवादाचा प्रश्न, आपला जातीचा. हे मला पटत नाही. बाबासाहेब स्वतः परदेशी विद्यार्थी होते.

१९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले. आधी हार्टली हॉल, पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना यांच्यासोबत राहिले. परदेशातल्या त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असे त्यांनी नंतर लिहिले. (त्या काळची अमेरिका काळ्यांसाठी स्वर्ग नव्हती, हेही विसरू नका.) १९१७ मध्ये ते नोकरीसाठी बडोद्याला आले. राहायला जागा मिळेना, म्हणून रोज दीड रुपया देऊन पारशी नावाने पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात उभे राहिले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे विचारले, दोघांनीही घरात घेतले नाही. काही तास कमाठी बागेत काढून रात्रीच्या गाडीने ते मुंबईला निघाले. परदेशात नव्हे, मायदेशात ते परके ठरले!

त्या बडोद्यापासून शंभरेक किलोमीटरवर अहमदाबाद. १६ मार्च २०२४ च्या रात्री गुजरात विद्यापीठाच्या वसतिगृहात जमाव घुसला. रमजान सुरू होता आणि परदेशी विद्यार्थी आवारात नमाज पढत होते, एवढेच निमित्त. श्रीलंका आणि ताजिकिस्तानच्या विद्यार्थ्यांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यानंतर कुलगुरूंनी परदेशी विद्यार्थ्यांनाच इथली सांस्कृतिक संवेदनशीलता शिकवायला हवी, असा सूर लावला. मार खाणाऱ्यानेच वागणे सुधारावे, हा न्याय आपल्याला गावकुसाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या मिळालेला आहे.

आता कायद्याकडे या. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. टाळली तर तोही रॅगिंगला साथ देणारा मानला जातो. पण या कायद्यातल्या रॅगिंगच्या व्याख्येत जात हा शब्दच नाही. यूजीसीने २०१६ च्या दुरुस्तीत तो आणला. वर्ण, वंश, धर्म, जात आणि राष्ट्रीयत्व यांवरून दिलेला त्रास, अगदी वाळीत टाकणेसुद्धा, रॅगिंग ठरले. जात आणि राष्ट्रीयत्व एकाच वाक्यात! आपली लढाई वेगळी म्हणणाऱ्यांनी हे एकदा वाचावे.

तरीही २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात शिकणारी डॉ. पायल तडवी गेली. जळगावची आदिवासी मुलगी. छळाची तक्रार आधीच केली होती, असे तिच्या आईचे म्हणणे. तिचे महाविद्यालय ज्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला संलग्न, त्याचे मुख्यालय आपल्या नाशिकमध्ये, म्हसरूळला.

काळाराम मंदिराचे दार उघडण्यासाठी १९३० मध्ये दादासाहेब गायकवाड ज्या शहरात सत्याग्रहाला उभे राहिले, तिथल्या मुलांनी या जूनमध्ये एवढे करावे. प्रवेशाच्या वेळी रॅगिंगविरोधी हमीपत्रावर सही मागतील, तेव्हा प्राचार्यांना विचारा : २०१६ ची दुरुस्ती फलकावर मराठीत लावली आहे का? समितीत कोण आहे? नायजेरिया-सुदानहून आलेला वर्गमित्र असेल, तर त्यालाही सोबत न्या आणि १८००-१८०-५५२२ हा क्रमांक त्याच्या फोनमध्ये भरून द्या.