अल्तामिराची गुहा : मुलीची नजर आणि विद्वानाची कबुली

इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि सनावळ्या अशी आपली समजूत असते. परंतु माणूस लिहावयास शिकण्यापूर्वीचाही इतिहास आहे. त्याचे एक दालन एका लहान मुलीमुळे उघडले.

उत्तर स्पेनमध्ये सान्तिल्याना देल मार या गावाजवळ अल्तामिरा नावाची गुहा आहे. १८७९ साली मार्सेलिनो सांझ दे साउतुओला हे गृहस्थ तेथे जमीन उकरून दगडी हत्यारे शोधीत होते. सोबत आठ वर्षांची मुलगी मारिया होती. वडिलांची दृष्टी खाली, मुलीची वर! छतावर तिला बैल दिसले. ते होते बायसन, म्हणजे आपल्या गव्यासारखे दांडगे रानटी जनावर. शिवाय घोडे होते, हरिणी होती. तांबड्या मातीने व कोळशाने रंगविलेली ही चित्रे पंधरा हजारांवर वर्षांपूर्वीची आहेत. खडकाच्या नैसर्गिक उंचवट्यांवर चित्रकाराने जनावरांची शरीरे अशी बसविली आहेत की ती जिवंत वाटावीत.

साउतुओला यांनी १८८० साली पुस्तिका काढून ही चित्रे अश्मयुगीन असल्याचे सांगितले. विद्वानांनी मात्र ते मानले नाही. रानटी माणसाला अशी कला कोठून येणार? रंग तर अगदी ताजे! बनावटगिरीचाही संशय घेतला गेला. हा कलंक घेऊनच १८८८ साली साउतुओला वारले.

पुढे फ्रान्समधील गुहांतही तशीच प्राचीन चित्रे सापडली. तेव्हा विरोधकांतील एक अग्रणी, फ्रेंच संशोधक एमिल कार्तेलाक यांनी १९०२ साली लेख लिहून आपली चूक जाहीरपणे मान्य केली. लेखाच्या मथळ्यातच त्यांनी स्वतःस संशयवादी म्हणवून दोष पत्करला.

पुढे प्रेक्षकांची रीघ लागली. त्यांच्या श्वासाने व शरीराच्या उष्णतेने चित्रांना धोका निर्माण झाला, म्हणून १९७७ साली गुहा बंद करावी लागली. नंतर मोजक्याच लोकांना प्रवेश मिळत गेला. २००१ साली शेजारी हुबेहूब प्रतिकृती उभारली गेली. सर्वसामान्य प्रवासी आता तीच पाहतात.

पालक बंधुभगिनींनो, मूल काही दाखवू लागले तर 'गप्प बस' म्हणण्यापूर्वी क्षणभर वर पाहावे. आणि विद्यार्थ्यांनो, चूक कळल्यावर ती कबूल करण्यास लाजू नका. कार्तेलाक यांची कबुली खरी होती. पण ती ऐकावयास साउतुओला हयात नव्हते. म्हणून कबुलीला उशीर करू नये, एवढेच या गुहेपासून शिकावे.