पहिली खेळी सिरपूरची

सिड मायर यांचा 'सिव्हिलायझेशन' हा संगणकावरचा खेळ १९९१ साली बाजारात आला आणि त्याच्या नव्या आवृत्त्या आजतागायत निघत आहेत. बुद्धिबळासारखा पाळीपाळीने खेळायचा खेळ. ज्यांनी तो खेळला आहे त्यांना त्याची सुरुवात आठवत असेलच. साल इसवी सन पूर्व ४०००. पडदा जवळपास सगळा काळा, मध्ये जमिनीचे चार चौकोन आणि त्यावर वस्ती करायला निघालेली एक टोळी. पहिल्या आवृत्तीत सुरुवातीची एकेक पाळी २० वर्षांची असे. म्हणजे इथेच गाव वसवावे की थोडे पुढे जाऊन नदीकाठ शोधावा या विचारात एक पिढी सरते!

हा खेळ अमेरिकेत तयार झाला. पण त्याची सुरुवात वाचावी तर ती चांद्याच्या गोंड राजांच्या दंतकथांत, असे मला फार दिवस वाटत आले आहे.

जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले (२०१६ पासून कुमुरम भीम आसिफाबाद जिल्हा) बेज्जूर हे गाव आपल्यापैकी फारच थोड्यांनी ऐकले असेल. सिरपूरच्या पूर्वेला, प्राणहिता नदीच्या अलीकडे, जंगलाच्या मुलखात ते आहे. नदी ओलांडली की गडचिरोली, म्हणजे महाराष्ट्र. या टापूतले सिरपूर ही चांद्याच्या गोंड घराण्याची पहिली राजधानी. तिथली परंपरा मेजर ल्यूसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८६९ च्या जमाबंदी अहवालात नोंदवून ठेवली. हा अहवाल सारा किती बसवायचा यासाठी लिहिलेला, पण माणसाला गोष्टी ऐकायची हौस असावी. (जमाबंदीच्या कागदांत इतके जीवन सापडते हे आम्हा कारकून मंडळींना निराळे सांगायला नको.)

त्या परंपरेत कोल भिल नावाचा वीर विखुरलेल्या गोंडांना एकत्र करतो आणि दगडातून लोखंड काढायला शिकवतो. मग भीम बल्लाळसिंग राजा होतो, सिरपूर राजधानी होते. पुढे हिरसिंग लोकांना जमीन कसायला लावतो आणि तिच्यावर कर बसवतो. खेळणाऱ्याने हा क्रम पाहावा. आधी विद्या, मग गाव, मग शेती, मग तिजोरी.

राजधानी हलवायचा प्रसंगही आहे, आणि तो फार सुरेख आहे. परंपरेने पंधराव्या शतकात मानला जाणारा खांडक्या बल्लाळशाह अंगभर गाठी उठल्याने हैराण होता. त्याची राणी शहाणी. तिच्या सल्ल्याने त्याने सिरपूर सोडले आणि वर्धेच्या दुसऱ्या काठावर बल्लारपूरचा किल्ला बांधला. एकदा शिकारीत तहान लागली, झरपट नदीच्या कोरड्या पात्रात एका खळग्यात पाणी सापडले. तो प्यायला, तोंड-हात धुतले, त्या रात्री त्याला गाढ झोप लागली आणि सकाळी राणी पाहते तो गाठी गेलेल्या. त्या पाण्याशी अचलेश्वराचे देऊळ उभे राहिले. मग एक दिवस कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा राजाच्या कुत्र्याच्याच मागे लागला. राणी म्हणाली, ससा जिथून धावला त्या वाटेवर कोट बांधा. तेच चंद्रपूर. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अचलेश्वर या वेशी आजही आहेत. कोट पुरा व्हायला मात्र पुढच्या कित्येक राजांच्या कारकिर्दी गेल्या. ससा खरा की खोटा ते सोडा. उघड्या मुलखात शहर कुठे वसवायचे, तर जिथे पाणी आहे तिथे, एवढे त्यातून कळते.

खांडक्यानंतरच्या हीरशाहाचे धोरण मला सर्वांत मोठे वाटते. जंगल तोडून जो गाव वसवील त्याला ते गाव, आणि जो तळे बांधील त्याला त्या तळ्याखाली भिजेल तेवढी जमीन. पूर्व विदर्भात आज ज्यांना मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात, त्यांतल्या अनेकांचे मूळ गोंड राजांच्या या काळात जाते. गोव्याच्या वाचकाला हे परके वाटू नये. आपल्या गावकऱ्यांनी बांध घालून खारे पाणी अडवले, खाजने पिकती केली, आणि त्या श्रमावर त्यांचा हक्क उभा राहिला. आफोंसो मेशियाने १५२६ च्या फोरालात गावकारीचे हे हक्क लिहून घेतले. जंगल असो की खाजन, ज्याने जमीन उठवली तिचा धनी तो.

आता खेळाकडे परत येतो, कारण माझे भांडण इथे आहे. पहिल्या आवृत्तीत नकाशावर मधूनच झोपड्या दिसतात. तुमचा शिपाई तिथे पोचला की सोने मिळते, एखादी विद्या मिळते किंवा भाडोत्री सैनिक मिळतात, आणि झोपडी पुसली जाते. कधीकधी ती झोपडी शहर होते, पण तुमचे. २०१६ च्या सहाव्या आवृत्तीत तर तिचे नावच 'आदिवासी गाव' असे आहे. भारताचे नेते म्हणून १९९१ पासून सहाव्या आवृत्तीपर्यंत गांधीजी होते, गोंड मात्र कुठेही नाहीत. त्यांना जागा असलीच तर त्या झोपडीत. चांद्याला मात्र झोपडीतल्यांनीच लोखंड गाळले, तळी खोदली, कोट बांधला आणि १७५१ साली रघूजी भोसल्यांनी घेईपर्यंत राज्य चालवले.

राज्य गेले, जंगल निजामाच्या वनखात्याकडे गेले, आणि हीरशाहाचा नियम उलटा झाला. जो जंगल तोडून शेत करील तो गुन्हेगार. त्याविरुद्ध लढताना कुमरम भीम १९४० साली जोडेघाटला मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारला जाग आली. हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने इथल्या राजगोंडांचा अभ्यास केला, त्यांना जमिनीचे पट्टे देण्याचे काम सुरू झाले. आपले सेतुमाधवराव पगडी हैदराबादच्या सेवेत असताना याच जिल्ह्यात गोंडी शिकले आणि त्यांनी त्या भाषेचे व्याकरण लिहिले. मराठ्यांच्या इतिहासाचे पगडी सगळ्यांना माहीत असतात, हे पगडी फारसे कोणाला ठाऊक नसतात.

जंगल तोडून केलेल्या शेताला तिकडे 'पोडू' म्हणतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा शेतांवरचा आदिवासींचा हक्क मान्य केला, तरी तंटा मिटलेला नाही. जून २०१९ मध्ये कागजनगरजवळच्या सारसाळा गावी वनखात्याची माणसे रोपे लावण्यासाठी ट्रॅक्टर घेऊन जमीन नांगरायला गेली, तेव्हा गावकरी काठ्या घेऊन धावून आले आणि एक महिला वनअधिकारी जखमी झाली. ते गाव जुन्या सिरपूरच्याच मुलखातले.