दत्तक मूल येणार आहे आणि घरात बंदूक आहे



पावसाळ्याच्या तोंडावर एक नवरा-बायको दवाखान्यात आले. वाशीमपासून थोड्या अंतरावरच्या गावचे, शेतकरी. लग्नाला अकरा वर्षं झालेली, मूल नाही. दत्तकासाठी नाव नोंदवायचं ठरवलं होतं आणि त्यासाठी वैद्यकीय दाखला हवा होता. बीपी, शुगर, छातीचा एक्स-रे, सगळं व्यवस्थित होतं. मी सही केली, शिक्का मारला. बायको उठली, पण नवरा उठेना. मग हळूच म्हणाला, "डाक्टरसाहेब, घरी वडिलाची बंदूक हाये. लायसनची. रानडुकरांसाठी घेतली होती, आता माह्या नावावर हाये. हे सांगा लागते का? सांगितलं तं लेकरू भेटनार नाही ना?"

त्या क्षणी मला आठवलं की बंदुकीच्या परवान्यासाठीचा त्याचा वैद्यकीय दाखलाही मीच दिला होता. तेव्हा मी नजर तपासली, हात थरथरतात का पाहिलं, दारूबद्दल विचारलं, मानसिक आजाराबद्दल विचारलं. घरात लहान मूल आहे का, किंवा पुढे येणार आहे का, हे मात्र विचारलं नव्हतं. फॉर्ममध्ये तो प्रश्न नव्हता आणि मलाही सुचला नाही.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी थोडं मागे गेलो. आपल्याकडे दत्तक मूल आणि बंदूक यांची गाठ फार जुनी आहे. ती समजली की आजचे नियम असे का आहेत, हेही समजतं.

१८५३: एक वर्ष, तीन घटना

२१ मे १८५३ रोजी निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. आपलं वाशीम, तेव्हाच्या इंग्रजी कागदांतलं 'बाशीम', त्यातच गेलं. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला झाशीचे गंगाधरराव नेवाळकर वारले. आदल्याच दिवशी त्यांनी नात्यातला एक मुलगा दत्तक घेतला होता. जेमतेम चार-पाच वर्षांचा आनंदराव. त्याचं नाव दामोदरराव ठेवलं. ११ डिसेंबरला नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारले, त्यांनाही मुलगा नव्हता. दोन्ही ठिकाणी दत्तक नाकारून डलहौसीने राज्यं खालसा केली. साताऱ्याचं राज्य याच पद्धतीने १८४८ मध्ये गेलं होतं.

पुढची गोष्ट तुम्हाला शाळेपासून पाठ आहे. १८५७ चा उठाव झाला आणि जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ राणी लक्ष्मीबाई पडल्या. चित्रांत आणि पुतळ्यांत त्यांच्या पाठीशी बांधलेलं मूल दिसतं, ते हेच दत्तक मूल. आपण राणीकडे पाहतो, घोड्याकडे पाहतो, तलवारीकडे पाहतो. डॉक्टर म्हणून मला आता त्या मुलाकडे पाहावंसं वाटतं. पाच वर्षांचं असताना नाव बदललं, घर बदललं, दुसऱ्या दिवशी नवे वडील गेले आणि नऊ-दहा वर्षांचं होण्याआधी तोफा-बंदुकांच्या आवाजात आईही गेली. दामोदरराव पुढे रानावनांत फिरले, मग इंदूरला राहिले आणि १९०६ मध्ये वारले. त्यांच्या हक्काबद्दल ढीगभर पत्रव्यवहार झाला. त्यांना भीती वाटते का, झोप लागते का, हे विचारणारा कागद सरकारी दप्तरात कशाला असेल?

बंदुकीचा कायदा कोणाच्या भीतीने झाला?

उठावानंतर इंग्रजांनी लोकांची हत्यारं काढून घेण्याचा सपाटा लावला. १८६० मध्ये त्यासाठी कायदा केला आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. परवान्याशिवाय हत्यार नाही, हा नियम तिथून पक्का झाला. गोऱ्यांना त्यातून सूट होती. या कायद्याला भीती होती ती प्रजेच्या बंडाची. घरातल्या लेकराच्या हाती बंदूक लागेल, ही काळजी त्यात नव्हती.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला. त्यात पिकाच्या रक्षणासाठी बंदुकीचा परवाना मागण्याची सोय आहे. आपल्या भागात हरभरा, तूर, सोयाबीनमध्ये रानडुकरं आणि रोही किती नुकसान करतात हे मी सांगायला नको. २१ वर्षांखालच्या व्यक्तीला परवाना मिळत नाही. २०१६ च्या नव्या नियमांनी अर्जदाराकडून दोन महत्त्वाच्या गोष्टी मागितल्या: शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचा दाखला आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त दोनच शस्त्रं, अशी मर्यादा घातली. म्हणजे बंड होईल का, इथून सुरू झालेला कायदा दीडशे वर्षांनी घरातल्या कपाटापर्यंत आला.

मूल घराला शोभतं का, की घर मुलाला?

दत्तकाचा कायदाही असाच बदलत गेला. जुना दत्तक घराण्यासाठी असे. वारस हवा, पिंडदानाला कोणी हवं, गादी चालायला हवी. म्हणून मुलगाच हवा असे. बडोद्याच्या गादीसाठी १८७५ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या मुलांना बोलावलं गेलं. 'इथे कशाला आलास?' असं विचारल्यावर गोपाळ नावाचा बारा वर्षांचा मुलगा 'राज्य करायला' म्हणाला आणि तोच सयाजीराव झाला, असं सांगतात. गोष्ट छान आहे. पण परीक्षा कोणाची झाली ते बघा. मुलाची झाली. राजवाडा मुलाला मानवेल का, हे कोणी पाहिलं नाही.

त्याच काळात पुण्यात एक वेगळा दत्तक झाला. जोतीराव फुले तरुणपणी लहुजींच्या तालमीत दांडपट्टा आणि निशाण मारायला शिकले होते. याच जोतीरावांनी आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि पुढे काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. मुलाची जात वेगळी होती. त्याच्यामुळे गादी मिळणार नव्हती, झाला तर त्रासच होणार होता. त्या मुलाला घर हवं होतं म्हणून हा दत्तक झाला. यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ मायलेकांनी मिळून रुग्णांची सेवा केली आणि त्यातच प्लेग होऊन १० मार्चला सावित्रीबाई गेल्या. माझ्या पेशातला हा दत्तक मुलगा मला फार जवळचा वाटतो.

कायद्याला इथवर यायला वेळ लागला. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने मुलीलाही दत्तक घेता येऊ लागलं. २००० च्या बाल न्याय कायद्याने सर्व धर्मांच्या पालकांना दार उघडलं. २०१५ च्या कायद्यानंतर केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाची, म्हणजे 'कारा'ची, पद्धत आज आपण वापरतो ती झाली. नोंदणी झाली की समाजसेविका तुमच्या घरी येते, घर पाहते, बोलते आणि गृह अध्ययन अहवाल लिहिते. मूल घरी आल्यावरही दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी विचारपूस होते. आता परीक्षा घराची असते.

आणखी एक योगायोग. बंदुकीचा परवाना जिल्हादंडाधिकारी देतात. २०२१ च्या दुरुस्तीने, १ सप्टेंबर २०२२ पासून, दत्तकाचा आदेश देण्याचा अधिकारही जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे आला. दोन्ही कागद आता एकाच कार्यालयातून निघतात. आणि दोन्हींच्या तळाशी माझ्यासारख्या डॉक्टरचा दाखला असतो.

समजावून सांगितलं तर पुरत नाही का?

"आमचं मूल हात लावणार नाही, आम्ही बजावून ठेवू" असं बरेच जण म्हणतात. अमेरिकेत डॉ. जॅकमन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हेच तपासलं. ८ ते १२ वर्षांच्या ६४ मुलग्यांना दोघा-तिघांच्या गटात एका खोलीत बसवलं. ड्रॉवरमध्ये खरं, पण गोळी न उडणारं पिस्तूल ठेवलं होतं. २९ पैकी २१ गटांना ते सापडलं. १६ गटांनी ते हाताळलं आणि १० गटांत कोणीतरी चाप ओढला. हात लावणाऱ्या मुलांपैकी ९० टक्क्यांहून जास्त जणांना बंदुकीच्या धोक्याबद्दल आधी काही ना काही शिकवलेलं होतं. शिकवणं आवश्यकच आहे, पण ते कुलपाची जागा घेऊ शकत नाही.

२००५ च्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात चार सवयींमुळे मुलांचे अपघात आणि आत्महत्या कमी असल्याचं दिसलं: बंदूक कुलपात, बंदूक रिकामी, काडतुसं कुलपात आणि काडतुसं बंदुकीपासून वेगळी.

दत्तक मुलाच्या बाबतीत वेगळं काय?

पोटचं मूल रांगतं, उभं राहतं, मग कपाटापर्यंत पोचतं. तुम्हाला वर्ष-दोन वर्षं मिळतात. दत्तक आलेलं सहा वर्षांचं मूल पहिल्याच दिवशी सहा वर्षांचे हात-पाय घेऊन येतं. घरातली खोली न् खोली, पेटी न् पेटी उघडून पाहतं, आणि ते स्वाभाविकच आहे. नवं घर ते असंच ओळखतं. काही मुलांनी आधी मारहाण किंवा हिंसा पाहिलेली असते. भिंतीवर टांगलेली बंदूक तुमच्यासाठी आजोबांची आठवण असेल, पण त्या मुलासाठी ती काय असेल, हे तुम्हाला अजून माहीत नाही.

पुढे वयात येताना 'मी कोणाचा?' हा प्रश्न बऱ्याच दत्तक मुलांना छळतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या २०१३ च्या अभ्यासात दत्तक किशोरांमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नाची शक्यता इतरांच्या सुमारे चौपट दिसली. घाबरू नका. त्याच अभ्यासात शंभरातल्या नव्वदहून जास्त दत्तक मुलांनी असा प्रयत्न केलेला नव्हता. पण असा विचार अनेकदा एखाद्या क्षणाचा असतो आणि तो क्षण टळला तर मूल वाचतं. त्या क्षणी हाताशी काय आहे, यावर पुष्कळ अवलंबून असतं.

म्हणून आपल्या भागापुरतं आणखी एक सांगतो. वाशीममध्ये मी बंदुकीच्या जखमा क्वचितच पाहिल्या. कीटकनाशक प्यायलेली मुलं मात्र दर हंगामात पाहतो. बंदूक असलेल्या घरांपेक्षा खाटेखाली फवारणीच्या औषधाचा डबा असलेली घरं कितीतरी जास्त आहेत. श्रीलंकेने सर्वांत विषारी कीटकनाशकांवर बंदी घातल्यावर तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून अधिक घटलं. बंदुकीचा नियमच त्या डब्यालाही लावा: कुलूप.

मग काय करायचं?

- लपवू नका. बंदुकीचा परवाना असणं ही दत्तकासाठीची अपात्रता म्हणून नियमांत लिहिलेली नाही. गृहभेटीला आलेल्या समाजसेविकेला स्वतःहून सांगा आणि कपाट दाखवा. लपवलेली गोष्ट नंतर कळली तर विश्वास जातो.
- बंदूक रिकामी करून पक्क्या लोखंडी कपाटात कुलपात ठेवा. काडतुसं दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या कुलपात.
- किल्ली देवघरात, खुंटीवर किंवा पिठाच्या डब्यामागे नको. मुलांना या जागा पहिल्या माहीत होतात.
- भिंतीवर टांगू नका. पाहुण्यांना किंवा मुलाला दाखवायला बाहेर काढू नका.
- शक्य असेल तर जमा करा. निवडणूक आली की आपण बंदूक पोलीस ठाण्यात जमा करतोच. मूल घरी रुळेपर्यंत ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवता येईल का, ते विचारा.
- नात्यातलं मूल नोंदणीकृत दत्तकपत्राने घेत असाल, तर 'कारा'च्या मार्गासारखी गृहभेट होत नाही. तेव्हा आपल्या घराची तपासणी आपणच करायची.
- घरात कोणी निराश असेल, खूप पीत असेल किंवा मरणाच्या गोष्टी बोलत असेल, तर त्याच दिवशी बंदूक घराबाहेर हलवा. बोलण्यासाठी १४४१६ हा टेलिमानसचा नंबर मोफत आहे.

परवान्याची माहिती जिल्हाधिकारी कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात मिळेल, दत्तकाची जिल्हा बाल संरक्षण कक्षात.

त्या जोडप्याला मी हेच सांगितलं. सोयाबीन निघाल्यावर नवरा पुन्हा आला, खोकला होता म्हणून. जाताना म्हणाला, "सांगितलं जी बाईंले. त्याहिनं कपाट पाहिलं, लिहून घेतलं." बंदूक त्याने ठाण्यात ठेवायचं ठरवलं आहे आणि फवारणीच्या औषधांसाठी धुऱ्यावरच्या खोलीला कुलूप लावलं आहे. त्यांचा नंबर अजून लागलेला नाही. वाट पाहणं चालू आहे.

बंदुकीचा दाखला मागायला आता कोणी आलं, की मी एक प्रश्न जास्त विचारतो.