पेशीचा घास आणि वेचणीची झोळी

मी वडनेर भोलजीचा. आमच्याकडे कापूस वेचताना बाया कमरेला झोळी बांधतात. कापड सैल असलं की तिला पोट धरतं, कापूस मावतो. ताणून बांधलं की काहीच मावत नाही. पेशीच्या पटलाचंही तसंच आहे बरं का.

१८८२ मध्ये इटलीतल्या मेसिनात इल्या मेचनिकॉव्हनं तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती पेशींचा घोळका! पेशी शत्रूला गिळतात, हा त्याचा सिद्धान्त यातूनच उभा राहिला. १९६३ मध्ये क्रिस्तियान द द्यूव्हनं पेशीच्या या आत घेण्याला 'एंडोसायटोसिस' नाव दिलं. पण किती आत घ्यायचं, हे ठरवतं कोण?

एक उत्तर बंगळुरूच्या एनसीबीएसमधून आलं. आपल्या आयआयटी मुंबईत शिकलेले सत्यजित मेयर आणि सहकाऱ्यांनी पेशी ताणून सोडून पाहिल्या. निष्कर्ष छापला २०१८ मध्ये. ताण सुटला की पेशी सैल पडलेलं पटल एका खास वाटेनं पटापट आत ओढते. ताण वाढला की ती वाट मंदावते. व्हिन्क्युलिन हे प्रथिन नसेल तर हा हिशोबच बिघडतो.

आणि हिशोब जिवाचा आहे. पटल जराशा जास्त ताणानंही फाटतं. म्हणजे पेशीचा प्रत्येक घास भुकेपोटी नसतो; काही घास झोळी सांभाळायला असतात.