शेवंती आणि लांबणाऱ्या रात्री

आश्विन लागला की सेलूच्या परिसरात फुलबागेची कामे एकदम अंगावर येतात. पाऊस ओसरलेला असतो, दुपारचे ऊन चटके देते आणि पहाटे मात्र काहीतरी पांघरावेसे वाटते. तेरडा वाळत आलेला असतो, त्याचे बी धरायचे. ताटवे खणून त्यांत शेणखत मिसळायचे, गादीवाफ्यांवर फ्लॉक्स, पिटुनिया, डायंथस यांचे बारीक बी टाकायचे, गुलाबाची छाटणी करायची, शेवंतीच्या कुंड्यांत काठ्या रोवायच्या. युरोपातल्या बागकामाच्या पुस्तकांत 'हिवाळ्याची तयारी' म्हणजे बाग झाकण्याची तयारी असते. डेलियाचे कंद खणून घरात ठेवायचे, नाजूक झाडे काचघरात न्यायची. आपल्याकडे तीच तयारी बाग फुलवण्याची असते. वर्धा जिल्ह्यात फुलझाडांचा खरा शत्रू मे महिना, डिसेंबर नव्हे.

काही वर्षांपूर्वी कार्तिकात सेलूजवळच्या एका शाळेत आम्ही व्याख्यानासाठी गेलो होतो. शाळेच्या आवारात शेवंतीच्या कुंड्यांच्या दोन रांगा होत्या. इमारतीलगतची रांग पिवळ्या फुलांनी भरून गेली होती. रस्त्याकडच्या भिंतीलगतची रांग मात्र नुसती हिरवी होती. कळीचा पत्ता नाही. दोष शाळेच्या माळीकाकांवर आला होता. त्यांनी त्या रांगेला खतपाणी घालण्यात हयगय केली, असे सर्वांचे मत झाले होते आणि त्यांना बरेच ऐकून घ्यावे लागले होते. आम्हाला मात्र झाडे उपाशी दिसेनात. पाने गडद हिरवी होती, उंची उलट जास्तच होती. उपाशी झाड इतके माजत नाही. मग आम्ही मान वर करून पाहिले. भिंतीपलीकडे रस्त्यावर दिव्याचा खांब होता.

हा खांब आणि न फुललेली शेवंती यांचा संबंध समजायला विज्ञानाला पुष्कळ काळ लागला. ती हकीकत शिक्षकांना सांगण्याजोगी आहे.

आपल्या हिवाळी बागेतले बरेचसे रहिवासी मुळात बाहेरचे. दसऱ्याच्या तोरणात मिरवणारा झेंडू मेक्सिकोचा. अमेरिका खंडाशी युरोपचा संपर्क होण्यापूर्वी तो इथे असणे शक्यच नव्हते. फ्लॉक्स टेक्सासचा, पिटुनिया दक्षिण अमेरिकेचा. परदेशी फुलझाडांचे बी मागवण्याची आणि वाटण्याची पद्धतशीर सोय कोलकात्याच्या कृषी व उद्यानविद्या संस्थेने केली. ती १८२० मध्ये स्थापन करणारे विल्यम केरी हे मराठी वाचकांना वेगळ्या कारणाने ठाऊक असतात. १८०५ साली त्यांनी मराठी भाषेचे व्याकरण छापले होते. व्याकरणकाराला फुलांचे वेड असावे, ही आम्हाला फार आवडणारी गोष्ट आहे. युरोपात वसंतात पेरायचे बी इथे पावसाळा संपल्यावर पेरायचे, हे त्या काळच्या बागवानांना अनुभवाने उमगत गेले.

शेवंतीचा वंश चीनचा. तिथे नवव्या महिन्याच्या नवमीला शेवंतीचा सण असतो. जपानच्या राजघराण्याचे चिन्हही हेच फूल. १७८९ मध्ये ब्लांकार नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्याने ती मार्सेयला आणली आणि युरोपात तिचे वेड पसरले. शरद ऋतूतच का फुलते, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. थंडी पडू लागली म्हणून, असे उत्तर सर्वांनी गृहीत धरले होते. आपणही वर्गात बहुधा हेच सांगतो.

ह्या गृहीतकाला पहिला धक्का पॅरिसमध्ये बसला. झ्युलियां तुर्न्वा हा तरुण संशोधक हॉप आणि भांग या वनस्पतींवर काम करीत होता. रोज थोडाच वेळ उजेड दिला तर त्या लवकर फुलतात, हे त्याला दिसले. त्याच्या शेवटच्या लेखात एक विलक्षण सूचना आहे : कारण दिवस आखूड होणे हे नसून रात्र लांबणे हे असावे. हा लेख १९१४ चा. त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले आणि तुर्न्वा त्यात मारला गेला. त्याची सूचना जवळजवळ पाव शतक तशीच पडून राहिली.

दरम्यान अमेरिकेच्या कृषिखात्यात गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांना तंबाखूच्या एका जातीने सतावले होते. 'मेरीलँड मॅमथ' नावाची ही जात शेतात उन्हाळाभर माणसाहून उंच वाढे, पण फुलत नसे; हिवाळ्यात काचघरात मात्र लहानशी रोपेही फुलत. सोयाबीनचेही एक कोडे होते. 'बिलॉक्सी' जात काही आठवड्यांच्या अंतराने पेरली, तरी सगळी झाडे साधारण एकाच वेळी, सप्टेंबरात फुलत. तापमान, ओलावा, खत यांपैकी कशानेच उलगडा होईना. शेवटी १९१८ च्या उन्हाळ्यात त्यांनी काही कुंड्या दुपारीच अंधाऱ्या खोपटात ढकलल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा बाहेर काढल्या. भर उन्हाळ्यात ती झाडे फुलली! १९२० मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. ह्या गुणधर्माला आपण दीप्तिकालिता म्हणतो. प्रयोगाला लागले ते एक खोपट आणि कुंड्या उचलायला दोन हात. साधने नाहीत म्हणून प्रयोग होत नाहीत, अशी तक्रार ऐकली की आम्हाला हे खोपट आठवते.

झाड दिवस मोजते की रात्र, याचा निकाल १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी लावला. त्यांनी वापरलेले झाड म्हणजे पडीक जमिनीत वाढणारे, कपड्यांना काटेरी फळे चिकटवणारे शंकेश्वर. दिवसा थोडा वेळ अंधार केला तर त्याला काही फरक पडत नाही. पण लांब रात्रीच्या मध्यावर क्षणभर उजेड दाखवला, तर फुलणे बंद! म्हणजे झाड सलग अंधार मोजते. तुर्न्वाचे म्हणणे खरे ठरले, ते ऐकायला तो नव्हता.

मोजणी कुठे होते? मॉस्कोत चैलाख्यान यांनी हे शेवंतीवरच तपासले. वरची पाने काढून टाकलेला शेंडा मोठ्या दिवसात आणि खालची पाने आखूड दिवसात ठेवली, तर शेंड्याला कळ्या आल्या. उलट केले तर आल्या नाहीत. म्हणजे रात्र पानांना कळते आणि निरोप शेंड्याकडे जातो. त्या अज्ञात निरोप्याला त्यांनी १९३७ मध्ये 'फ्लोरिजेन' असे नाव दिले. हा निरोप्या एक लहान प्रथिन आहे, याचा भक्कम पुरावा मिळायला २००७ साल उजाडले. पानातल्या पहारेकऱ्याचा शोध त्याआधी लागला होता. बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांचे सहकारी यांनी १९५२ मध्ये लेट्यूसच्या बियांवर काम करताना दाखवले, की लाल प्रकाशाने झालेला परिणाम त्याहून लांब तरंगलांबीच्या दूर-लाल प्रकाशाने पुसला जातो. ज्या रंगद्रव्यामुळे हे घडते, ते फायटोक्रोम १९५९ मध्ये उपकरणाने प्रत्यक्ष टिपले गेले.

आता सेलूकडे वळू. सेलूचा अक्षांश सुमारे २१ अंश उत्तर. येथे सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास २० मिनिटांचा, सर्वांत लहान १० तास ५० मिनिटांचा. फरक अडीच तासांचाच, आणि त्यात संधिप्रकाश मिसळलेला. पण शेवंतीला तेवढा पुरतो. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दिवस पावणेबारा तासांच्याही आत येतो आणि रात्र पुरेशी लांबते. तापमानाचाही वाटा आहेच. फार उकाडा असला तर कळ्या रेंगाळतात. म्हणून थंडीचे जुने उत्तर अगदीच खोटे नाही, अपुरे आहे. हरितगृहातले शेवंती उत्पादक हेच ज्ञान उलटसुलट वापरतात : झाड वाढवायचे तेव्हा रात्री दिवे लावायचे, फुलवायचे तेव्हा काळे कापड ओढायचे.

शाळेतल्या रस्त्याकडच्या रांगेला त्या खांबाने रात्रच मिळू दिली नव्हती. आम्ही हे मुख्याध्यापकांना सांगितले, तेव्हा ते हसले. बहुधा विश्वास बसला नसावा. मग असे ठरले, की त्या रांगेतल्या निम्म्या कुंड्या इमारतीच्या मागच्या अंधाऱ्या बाजूला न्यायच्या, निम्म्या जागीच ठेवायच्या आणि दोन्हींना माळीकाकांनीच मापून सारखे पाणी घालायचे. नोंदी नववीच्या मुलींनी ठेवल्या. लांब रात्र मिळू लागल्यापासून फूल उमलेपर्यंत शेवंतीला जातीनुसार दोन-तीन महिने लागतात, त्यामुळे धीर धरावा लागणार होता. संक्रांत झाली तरी काही नाही. जानेवारीच्या अखेरीस पत्र आले : मागच्या कुंड्यांतल्या कळ्यांना रंग दिसू लागला आहे, दिव्याखालच्या अजून हिरव्याच आहेत. पत्राच्या तळाशी मुलींनी विचारले होते, की दिव्याच्या अगदी टोकाला असलेल्या एका झाडाच्या एकाच बाजूला, भिंतीच्या सावलीतल्या फांदीला, दोन कळ्या आल्या आहेत, ते कसे? चैलाख्यान यांचा प्रयोग पुन्हा वाचून आम्ही त्यांना उत्तर लिहिले.