माळा: अडगळीच्या आधी आणि नंतर



गेल्या महिन्यात माझी मावसजाऊ आली होती. माळ्यावरची खोली पाहून म्हणाली, "एवढी जागा इतकी वर्षं नुसती पडून होती होय गं?" मी "हो" म्हणून टाकले. रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटले, आपण खोटे बोललो. तो माळा मी या घरात आले तेव्हापासून पडून होता, पण त्याच्या आधी नाही. आज त्याचीच हकीकत लिहिते.

आमचे घर सांगलीच्या जुन्या गावठाणात, कृष्णेपासून फार लांब नाही. पुढच्या भिंती भाजक्या विटांच्या, मागच्या पांढऱ्या मातीच्या. वर कडीपाट, म्हणजे तुळयांवर कड्या आणि कड्यांवर फळ्या. त्यावर माळा आणि माळ्यावर मंगळोरी कौले. ही कौले मूळची मंगळूरची. बासेल मिशनने तिथे १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि पुढे हा माल आपल्या भागात घरोघर पोचला. आढ्याखाली माणूस सरळ उभा राहतो, वळचणीला मात्र बसूनच सरकावे लागते. खिडकी एकही नव्हती. उजेड दोन काचेच्या कौलांतून येईल तेवढाच.

ही जागा अशी का बांधली? कारण ती माणसांसाठी नव्हतीच, धान्यासाठी होती. आमच्या भागात माल साठवायच्या दोन रीती. एक जमिनीखाली: हळदीची पेवे. सांगलीशेजारचे हरिपूर त्यासाठीच प्रसिद्ध. दुसरी डोक्यावर: माळा. खाली चूल पेटायची, तिची ऊब आणि धूर फटींतून वर जायचा, त्यामुळे दाणा कोरडा राहायचा आणि किडाही कमी लागायचा. दाणा किडला की तो निवडताना, दळताना हिंसा होणार. म्हणून मुळात किडू न देणे हाच आमच्या घरांतला धर्म होता. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, सांगतात की सुगीनंतर ज्वारीच्या कणग्या वर भरलेल्या असत आणि माळ्याच्या झडपेची किल्ली त्यांच्या आजेसासूबाईंच्या कमरेला असे. घरातली सर्वात मोलाची वस्तू वर होती, म्हणून किल्ली घरातल्या सर्वात मोठ्या बाईकडे.

या माळ्यांवर पहिले मोठे संकट आले ते प्लेगचे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग सुरू झाला आणि लवकरच आपल्या भागातही पसरला. धान्य तिथे उंदीर, आणि उंदीर मरून पडू लागले की घर सोडून रानात झोपड्या घालायच्या, हे लोक अनुभवाने शिकले. उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमुळे रोग पसरतो हे १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत प्रयोग करून दाखवले. मुंबईत तर अंधाऱ्या खोल्यांत ऊन यावे म्हणून छपराची कौले काढली जात. माणसाने कुठे राहावे आणि कुठे राहू नये हे सरकार ठरवू लागले ते याच काळात. उजेड नाही, वारा नाही, ती जागा राहण्याजोगी नाही. ही कसोटी आजही खरीच आहे.

पुढे आमच्या माळ्यावर धान्याच्या जोडीला एक माणूस आला. आजेसासरे शाळेत असताना वर कणग्यांच्या मधल्या जागेत अभ्यासाला बसत. तेव्हा समाजात शिक्षणाचे वारे होते. दक्षिण महाराष्ट्र जैन सभा १८९९ मध्ये स्थापन झाली, १९०१ मध्ये कोल्हापुरात जैन बोर्डिंग सुरू झाले. ज्यांना बोर्डिंग मिळाले नाही ते कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर शिकले. माळा रिकामा करताना आम्हाला सभेच्या 'प्रगति आणि जिनविजय'चे काही जुने अंक फडक्यात बांधलेले सापडले. कडा कुरतडलेल्या होत्या, पण गाठ पक्की होती.

मग ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. कोयनेचा भूकंप. मागच्या भिंतीला तडा गेला आणि डोक्यावर ओझे नको म्हणून कणग्या खाली आल्या. पुढे रेशनचे धान्य, दुकानातले पीठ आणि गॅस आला. चूल गेली तशी माळ्याची ऊबही गेली. नंतर वर गेले ते मोडके पाळणे, गळके घंगाळ, लग्नातल्या सतरंज्या. मी आले तेव्हा किल्ली खुंटीला टांगलेली असे. कुणीही घ्यावी.

२००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरले आणि पुष्कळ पेवे कायमची गेली. जमिनीखालची रीत मोडली. तरी डोक्यावरच्या जागेचा विचार आम्ही केला नाही. तो करायला २०१९ चा ऑगस्ट यावा लागला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. आमच्या सोप्यात ते छातीपर्यंत आले. निघायला उशीर झाला होता. आईंना दोघांनी धरून शिडीने वर चढवले. बोट येईपर्यंत एक रात्र आणि दीड दिवस आम्ही त्या अडगळीत काढला.

आईंचे नियम तुम्हाला माहीत आहेत. सूर्यास्तानंतर अन्न नाही, न गाळलेले पाणी नाही. गाळलेले पाणीही दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटेच चालते, मग पुन्हा गाळायचे. वर ना गाळणे, ना स्वच्छ भांडे, ना चूल. चहूकडे पाणी आणि आई कोरड्या. मी बाटलीबंद पाणी पुढे केले, तर त्यांनी हात जोडले. "माझा उपास समज," म्हणाल्या. तो उपास नव्हता. उपास माणूस स्वतः धरतो. हा आमच्या बेपर्वाईने त्यांच्यावर लादला होता. ते मला आजही बोचते.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आले. या वेळी आम्ही आदल्या दिवशीच गाव सोडले. पण परतल्यावर ठरवले की माळा राहण्याजोगा करायचाच. चातुर्मासात बांधकाम नको, म्हणून दिवाळीनंतर काम धरले.

इंजिनिअरने आधी माळा पाहिलाच नाही. मागच्या मातीच्या भिंतीला नखाने टोकरले आणि म्हणाला, "वहिनी, पाटण दणकट आहे. जिथे पोती राहिली तिथे माणसं राहतील. पण भिंत चार दिवस पाण्यात उभी राहिली तर विरघळेल, मग माळ्याचं काय करणार?" म्हणून पहिला खर्च वर नाही, खाली झाला. मागची भिंत उतरवून सिमेंटचे खांब उभे केले. भिंतीत रुतलेली तुळयांची टोके तपासली, त्यांतली दोन कुजली होती, ती बदलली. मग कौलांखाली फळ्यांचे अस्तर दिले, नाहीतर चैत्र-वैशाखात वर बसवत नाही. समोरासमोर दोन खिडक्या काढल्या, म्हणजे वारा आरपार जातो. शिडीच्या जागी जिना केला, बुटक्या पायऱ्यांचा, मध्ये टेकायला चौक आणि दोन्ही बाजूंना कठडा.

काम दीड महिना थांबले तेही सांगते. वळचणीला पारव्याचे घरटे निघाले, त्यात दोन पिल्ले. ती उडून जाईपर्यंत त्या बाजूला कुणी हात लावला नाही. सुतार कुरकुरला, मग त्यानेच रोज डोकावून पाहायला सुरुवात केली. वाळवी लागलेल्या फळ्या फवारणी न करता तशाच उचलून परड्यात झाडाखाली ठेवल्या आणि नव्या लाकडाला आधीच औषध लावून घेतले. यात एकही जीव गेला नसेल असे मी म्हणणार नाही. त्याचे प्रायश्चित्त आईंकडून घेतले.

सर्वात शेवटी खिडकीखाली छोटा ओटा केला: एक शेगडी, पाण्याचा हंडा, खुंटीला दुहेरी गाळणे. गवंडी म्हणाला, "माळ्यावर ओटा कशाला?" त्याला काय सांगणार! माझ्या लेखी तो ओटा झाला तेव्हाच माळा राहण्याजोगा झाला. उजेड-वारा सगळ्यांनाच लागतो. पण घरातल्या सर्वात नाजूक माणसाला आपल्या नेमाने जिथे राहता येते, तीच जागा राहण्याची.

एक मात्र लक्षात ठेवा. गाव सोडा असा इशारा आला की माळा कितीही चांगला असो, निघायचे. आम्हीही निघतो.

एरवी आषाढ लागला की आई आपली पोथी, माळ आणि आसन घेऊन वर जातात आणि दिवाळीलाच खाली उतरतात. पावसाळ्यात मुनिमहाराज एका जागी राहतात, तसा हा आमच्या आईंचा वर्षायोग. ते जुने अंक नव्या वेष्टनात त्यांच्या उशाशी असतात, श्रुतपंचमीला उन्हे दाखवतो. आणि माळ्याची किल्ली खुंटीवर नाही. ती पुन्हा घरातल्या सर्वात मोठ्या बाईच्या कमरेला आहे.